बाटलीवरचं ‘टॉक्सिक’ नेमकं काय सांगतं? लेबल वाचण्याची रीत

‘बॉस फार टॉक्सिक आहे’, ‘त्या ग्रुपवरचं वातावरणच टॉक्सिक’ असं आपण उठता बसता बोलतो. ऑक्सफर्डच्या कोशकारांनी २०१८चा शब्द म्हणून ‘टॉक्सिक’चीच निवड केली होती, इतका तो जगभर लोकांच्या तोंडी बसला होता. बोलण्यात या शब्दाला मोजमाप नसतं. ज्याचा राग आला त्याला तो चिकटवायचा आणि पुढे जायचं. कीटकनाशकाच्या डब्यावर मात्र हाच शब्द कायद्याने मोजून मापून छापलेला असतो, आणि तिथे तो कसा वाचायचा हे आपल्याला कोणी शिकवलेलं नसतं. गंमत अशी की कृषी केंद्रात त्याच डब्याला ‘औषध’ म्हणतात. ‘औषध मारलं का?’, ‘औषध जरा कडक दे’ असं बोलून बोलून आतल्या विषाचा धाक केव्हाच उडून गेलेला असतो.

हा लेख शेतकऱ्यांसाठी आहे, तसाच घरात डास मारायचं मशीन, झुरळाचा स्प्रे, वाळवीचं औषध आणि संडास धुवायचं ॲसिड ठेवणाऱ्या प्रत्येकासाठी. इंग्रजी फार येण्याची गरज नाही. सात-आठ शब्द आणि चार रंग ओळखता आले तरी पुष्कळ झालं.

आधी शब्दाला तीन प्रश्न विचारा

‘टॉक्सिक’ हे एकटं उभं राहणारं विशेषण नाही. ‘उंच’ म्हटलं की कोणापेक्षा उंच हे मनात येतंच, तसं ‘टॉक्सिक’ वाचलं की तीन गोष्टी विचारायच्या: कोणाला, किती घेतल्यावर आणि कोणत्या वाटेने शरीरात गेल्यावर.

कोणाला हा प्रश्न पहिला, कारण चांगलं इंग्रजी लेबल हे स्वतःच सांगतं. ‘टॉक्सिक टू फिश’, ‘टॉक्सिक टू बीज’ अशी वाक्यं तुम्हाला दिसतील. म्हणजे हे माशांना विषारी, हे मधमाश्यांना विषारी. यातलं ‘टू’ सोडू नका, सगळा अर्थ त्याच्यावर आहे. सायपरमेथ्रिनच्या जातीची कीटकनाशकं माणसाला त्या मानाने कमी बाधतात, पण पंप ओढ्यात धुतला तर मासे तरंगायला वेळ लागत नाही. याच कुळातलं परमेथ्रिन कुत्र्याच्या गोचिडांवर वापरतात, तेच मांजराला लावलं तर मांजर आकडी येऊन मरू शकतं, कारण मांजराच्या यकृताला ते नीट मोडता येत नाही. आपल्या रोजच्या फोडणीतला कांदासुद्धा कुत्र्याला टॉक्सिक आहे, त्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात.

किती, हा दुसरा प्रश्न. सोळाव्या शतकातल्या पॅरासेल्सस नावाच्या वैद्याचं म्हणणं होतं की विष आणि विष नसलेलं यातला फरक मात्रेचा असतो. सगळं विषशास्त्र आजही त्याच पायावर उभं आहे.

कोणत्या वाटेने, हा प्रश्न आपण सर्वांत जास्त विसरतो. पोटातून, कातडीतून, श्वासातून आणि डोळ्यातून अशा चार वाटा. एकाच पदार्थाचा जोर वाटेगणिक बदलतो. ‘मी काही ते पीत नाही’ असं म्हणणाऱ्या फवारणीवाल्याच्या शरीरात ते बहुतेक वेळा कातडीतूनच जात असतं.

उभ्या चौकोनातले चार रंग

आता डबा हातात घ्या. भारतात १९६८चा कीटकनाशक कायदा आणि त्याखालचे १९७१चे नियम यांनुसार प्रत्येक कीटकनाशकाच्या लेबलवर कोनावर उभा केलेला, पतंगासारखा दिसणारा चौकोन असावाच लागतो. लेबलच्या दर्शनी भागाचा किमान सोळावा हिस्सा त्याने व्यापलेला असला पाहिजे. त्याचे दोन त्रिकोण केलेले असतात. खालच्या त्रिकोणात रंग, वरच्या त्रिकोणात इशाऱ्याचा शब्द. फवारणीची औषधं, तणनाशकं, बुरशीनाशकं, उंदराचं औषध, डासांच्या मशीनमधली बाटली, सगळी याच नियमात येतात. घरातली डासांची बाटली आत्ता उलटून पाहिलीत तरी त्रिकोण सापडेल.

लाल म्हणजे एक्स्ट्रीमली टॉक्सिक. वर कवटी आणि हाडं, आणि लाल अक्षरात ‘पॉयझन’.

पिवळा म्हणजे हायली टॉक्सिक. कवटी नाही, पण ‘पॉयझन’ हा शब्द इथेही लाल अक्षरातच.

निळा म्हणजे मॉडरेटली टॉक्सिक. वर शब्द ‘डेंजर’.

हिरवा म्हणजे स्लाइटली टॉक्सिक. वर शब्द ‘कॉशन’.

नीट पाहा, ‘टॉक्सिक’ चारही ठिकाणी तोच आहे. वजन आहे ते त्याच्या पुढच्या शब्दात. आणि पाचवा रंग नाही, म्हणजे ‘सुरक्षित’ असा खानाच या शिडीत नाही. दुकानदार हिरवा त्रिकोण दाखवून ‘याने काही होत नाही’ म्हणाला तर त्याच्याच डब्यावर ‘थोडं का होईना, विषारी’ असं छापलेलं आहे हे लक्षात असू द्या.

हे चार गट ठरवतात कसे? जे. डब्ल्यू. ट्रेव्हन या शास्त्रज्ञाने १९२७ साली एक माप आणलं, त्याला एलडी ५० म्हणतात. प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना, बहुधा उंदरांना, एखादा पदार्थ वाढत्या मात्रेत दिला तर ज्या मात्रेला त्यांतले निम्मे मरतात ती मात्रा. ती शरीराच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम अशी लिहितात. पोटातून गेल्यावर हा आकडा १ ते ५० मध्ये असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५००० निळा, त्याहून वर हिरवा. कातडीतून जाण्यासाठी वेगळे आकडे आहेत: २०० पर्यंत लाल, २००० पर्यंत पिवळा, २०,००० पर्यंत निळा आणि त्यापुढे हिरवा.

इथे बहुतेकांची गफलत होते. आकडा जितका लहान, तितकं विष जहाल. परीक्षेतल्या गुणांसारखं मोठा आकडा म्हणजे जास्त, असं हे नाही.

खाण्याच्या मिठाचा उंदरांमधला आकडा साधारण ३००० आहे. नुसत्या आकड्यावर गेलो तर मिठाच्या पुडीवरही निळा त्रिकोण यायला हवा! यावरून मीठ भयंकर आहे असं काढू नका, आणि निळं औषध मिठाइतकंच निरुपद्रवी असंही काढू नका. मीठ जिभेला लागताच थुंकून टाकावंसं वाटतं, कातडीतून ते आत शिरत नाही, आणि त्याचा फवारा कोणी नाकातोंडात घेत नाही. आकडा फक्त एका प्रश्नाचं, ‘किती’चं उत्तर देतो.

‘दर किलो वजनामागे’ हे शब्दही सोडू नका. साठ किलोच्या माणसाला जी मात्रा मारते, तिच्या पाचव्या हिश्श्यातच बारा किलोच्या पोराचं काम होतं. लाल, पिवळ्या आणि निळ्या लेबलवर ‘मुलांच्या हाती लागू देऊ नका’ अशा अर्थाची इंग्रजी ओळ नियमानेच छापावी लागते ती त्यासाठी. हिरव्याला ती सक्ती नाही, पण हिरवी बाटलीही फळीवर वरच ठेवा.

एक बाटली जवळून

क्लोरपायरीफॉस २० टक्के ईसी हे नाव महाराष्ट्रात शेतालाही ठाऊक आहे आणि वाळवीमुळे शहरातल्या फ्लॅटलाही. त्याची बाटली समोर ठेवून वरपासून खालपर्यंत वाचू.

पहिल्यांदा मोठ्या अक्षरातलं नाव दिसतं, ते कंपनीने ठेवलेलं नाव. ते वाचून काहीच कळत नाही. वीर, वज्र, किंग, सुपर असलीच नावं असतात. त्याखाली बारीक अक्षरात ‘क्लोरपायरीफॉस २०% ईसी’ असं असतं, ते खरं नाव. डॉक्टर विचारतील ते हेच. वेगवेगळ्या रंगांच्या तीन बाटल्यांत एकच मूळ रसायन असू शकतं, आणि ‘याने फरक पडला नाही, दुसरं द्या’ म्हणून आणलेली दुसरी बाटली पहिलीचीच बहीण निघू शकते. म्हणून खरेदी करताना बोट या ओळीवर ठेवायचं.

२० टक्के म्हणजे त्यात मूळ विष पाचवा हिस्सा. उरलेल्या चार हिश्श्यांत काय आहे? ‘ईसी’ या दोन अक्षरांत त्याचं उत्तर आहे. पाण्यात टाकल्यावर दुधासारखं पांढरं होणारं तेलकट द्रावण, म्हणजे आत पेट्रोलियमपासून काढलेला द्रावक आणि त्याला पाण्यात मिसळवणारा पदार्थ. बाटली उघडल्यावर जो उग्र दर्प येतो त्यातला मोठा भाग या द्रावकाचा. हे माहीत असणं महत्त्वाचं आहे, कारण कोणी असलं औषध प्यायलं तर उलटी करवू नये. वर येताना द्रावक फुप्फुसात शिरतो आणि विषाच्या जोडीला फुप्फुसाचा दाह सुरू होतो. मिठाचं पाणी पाजणं, घशात बोटं घालणं हे आपल्याकडचे जुने उपाय इथे जीवावर बेतू शकतात.

मग चौकोन. क्लोरपायरीफॉसला पिवळा. पुढे नोंदणी क्रमांक, बॅच क्रमांक, बनवल्याची आणि मुदत संपल्याची तारीख. नोंदणी क्रमांक नसलेली बाटली, किंवा मोकळ्या बाटलीत ओतून दिलेलं ‘लूज’ औषध, कितीही स्वस्त असलं तरी परत करा. त्यात काय आहे हे सांगणारा कागदच तुमच्याकडे नाही.

शेवटी एक ओळ ‘अँटिडोट’ची. म्हणजे उतारा. क्लोरपायरीफॉस ऑरगॅनोफॉस्फेट गटातलं आहे. आपल्या मज्जातंतूंतून स्नायूंना मिळालेला निरोप पुसून टाकणारं एक द्रव्य शरीरात असतं, हे विष त्यालाच बांधून ठेवतं. निरोप पुसलाच जात नाही. मग तोंडाला लाळ सुटते, घाम फुटतो, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, उलट्या होतात, अंगाचे स्नायू फडफडतात. यावर ॲट्रोपिन आणि पीएएम हे उतारे आहेत आणि ते दवाखान्यात शिरेतूनच द्यायचे असतात.

डब्यात घडी घातलेला एक पातळ कागदही असतो, हिंदी, इंग्रजी आणि प्रादेशिक भाषांतला. बहुतेक वेळा तो शेताच्या बांधावरच उडून जातो. पण कोणत्या पिकावर, किती पाण्यात किती मिली, फवारणीनंतर किती दिवसांनी तोडणी, बाधेची लक्षणं कोणती आणि पहिला उपाय काय, हे सगळं त्यातच असतं. बाटली उघडायच्या आधी मोबाइलवर त्याचा फोटो काढून ठेवा. बाटलीचा पुढचा आणि मागचा भागही.

रंग काय सांगत नाही

चौकोनावर फार विसंबू नका. तो एकदम झालेल्या बाधेची तीव्रता सांगतो, बस्स. वर्षानुवर्षं थोडंथोडं अंगात गेल्यावर काय होतं, यावर तो गप्प असतो. मधमाश्यांचं, माशांचं, विहिरीच्या पाण्याचं काय, तेही रंगात नाही. त्यासाठी बारीक अक्षरांतली ‘टॉक्सिक टू’ची ओळ वाचावी लागते.

पॅराक्वाट या तणनाशकाचं उदाहरण पाहा. त्याचा त्रिकोण पिवळा. लालच्या एक पायरी खालचा म्हणून कोणी निर्धास्त राहील. पण पॅराक्वाट पोटात गेलं तर त्याला नेमका उतारा आजही नाही. याउलट काही लाल त्रिकोणाच्या औषधांना उतारा आहे आणि वेळेत पोचलेला माणूस वाचतो. त्यामुळे रंग पाहिल्यावर डोळे लगेच उताऱ्याच्या ओळीवर गेले पाहिजेत. तिथे ‘नो स्पेसिफिक अँटिडोट’ असं लिहिलेलं असेल तर ती बाटली घरात आणायचीच का, याचा विचार करा. माझं विचाराल तर आणू नये.

२०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात जे घडलं त्यात तिन्ही प्रश्नांची उत्तरं एकाच वेळी चुकली. कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी आणि मजूर विषबाधेने दगावले, शेकडो जण दवाखान्यात भरती झाले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीला पोचली होती. एरवी गुडघ्या-कमरेकडे जाणारा फवारा तोंडावर आणि छातीवर येत होता. एकाच पंपात दोन-तीन औषधं मिसळली जात होती. मिश्रणाला कुठलाच त्रिकोण नसतो. बाटलीवरचा इशारा त्या एका औषधापुरता आणि सांगितलेल्या मात्रेपुरता असतो. त्यात दुसरं ओतलंत की ते लेबल संपलं.

कातडीच्या वाटेबद्दल थोडं जास्त सांगतो. पाठीवरचा पंप झाकणापाशी किंवा नळीच्या जोडापाशी गळत असतो, शर्ट भिजतो आणि तो ओला शर्ट दिवसभर अंगाला चिकटून राहतो. तळहाताची कातडी जाड असते, पण चेहरा, मान आणि जांघ इथून विष भराभर आत जातं. ओल्या कपड्याने तंबाखू मळून खाणं, बिडी पेटवणं म्हणजे कातडीच्या जोडीला तोंडाची वाटही उघडून देणं. पंपात आधी साधं पाणी भरून गळती तपासणं, पूर्ण बाह्यांचा शर्ट, रबरी हातमोजे, वारा पाठीवर घेऊन फवारणी, आणि संपल्यावर साबणाने अंघोळ करून ते कपडे वेगळे धुणं यांत खर्च फारसा नाही. मळ्यातल्या उन्हात पूर्ण किट घालून काम करणं अशक्य आहे हे खरं, म्हणून मी सकाळच्या थंड वेळी फवारणी करा असंच सांगेन.

रिकाम्या डब्याचंही तसंच. जुलै २०१३ मध्ये बिहारच्या सारण जिल्ह्यात शाळेतल्या मध्यान्ह भोजनातून विषबाधा होऊन २३ मुलं गेली. तेलात मोनोक्रोटोफॉस सापडलं होतं. ते लाल त्रिकोणाचं औषध, भाजीपाल्यावर त्याचा वापर २००५ सालीच बंद केलेला. कीटकनाशकाचा डबा कितीही धुतला तरी तो तेलाचा, पाण्याचा किंवा ज्वारीचा डबा होत नाही. तीन वेळा खळखळून ते पाणी पंपातच ओतायचं आणि डब्याला भोकं पाडून तो निकामी करायचा.

दुसऱ्या बाटल्यांची दुसरी शिडी

प्रयोगशाळेतली रसायनं, कारखान्यातले ड्रम आणि परदेशातून आलेल्या बाटल्या यांच्यावर चार रंगांचा चौकोन नसतो. तिथे लाल कडेचा पांढरा चौकोन आणि आत काळं चित्र असतं. ही जगभर चालणारी पद्धत आहे आणि तिची विशेषणांची शिडी वेगळी आहे. सर्वांत वर ‘फेटल’, म्हणजे गिळलं तर जीव जाईल. त्याखाली ‘टॉक्सिक’. त्याखाली ‘हार्मफुल’. पहिल्या दोन पायऱ्यांना कवटीचं चित्र, तिसरीला उद्गारचिन्ह. म्हणजे इथे ‘हार्मफुल इफ स्वॉलोड’ हे ‘टॉक्सिक इफ स्वॉलोड’पेक्षा सौम्य आहे. दोन्हींचं मराठी ‘हानिकारक’ करून टाकलं तर पायरीच गायब होते.

एक मोठा घोटाळा इथे टाळा. भारतीय कीटकनाशकावर ‘डेंजर’ म्हणजे निळा, वरून तिसरा. या जागतिक पद्धतीत इशाऱ्याचे शब्द दोनच, ‘डेंजर’ आणि ‘वॉर्निंग’, आणि त्यांत ‘डेंजर’ हा जास्त गंभीर. अमेरिकेतल्या कीटकनाशकांवरही ‘डेंजर’ सर्वांत वर आणि ‘कॉशन’ खाली असतं. तिकडे राहणाऱ्या आपल्या लोकांनी भारतातली सवय तिथल्या बागेच्या औषधाला लावू नये.

घरातल्या सफाईच्या बाटल्यांवर बहुधा ‘टॉक्सिक’ नसतं, ‘कोरोसिव्ह’ असतं. म्हणजे जिथे लागेल तिथे जाळणारं. संडास धुवायच्या द्रावणात हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं, कपडे पांढरे करायच्या ब्लीचमध्ये सोडियम हायपोक्लोराइट. दोन्ही आपापल्या जागी ठीक. ‘दोन्ही टाकलं की चकाचक होईल’ म्हणून एकत्र केलं की क्लोरीन वायू निघतो, आणि लहानशा बंद बाथरूममध्ये तो गुदमरवून टाकतो. लेबलवर ‘डू नॉट मिक्स’ लिहिलेलं असतं ते यासाठी. असा वास आला तर बादली उचलायला थांबू नका, आधी बाहेर पडा आणि मग दार-खिडक्या उघडा.

शेजारपाजारचे शब्द

इंग्रजीत हानिकारक गोष्टींसाठी विशेषणांची रांग आहे आणि प्रत्येकाची जागा ठरलेली आहे. लिहिताना, भाषांतर करताना किंवा परीक्षेत हे उपयोगी पडेल.

‘नॉक्शस’ मुख्यतः वायू, धूर, दर्प यांना लागतो. ‘नॉक्शस फ्यूम्स’ म्हणतात, ‘नॉक्शस टॅब्लेट’ कोणी म्हणत नाही. कायद्यातही तो हवेजवळ सापडतो. १८६०च्या दंड संहितेतलं २७८वं कलम, आता भारतीय न्याय संहितेतलं २८०वं, लोकांच्या आरोग्याला बाधेल अशी हवा करणाऱ्याबद्दल आहे आणि तिथे इंग्रजीत ‘नॉक्शस’च आहे. दंड फक्त एक हजार रुपयांपर्यंत, हे वाचून हसावं की रडावं कळत नाही. दुसरी जागा तणांची: उपद्रवी तणांना ‘नॉक्शस वीड’ म्हणतात. आपल्याकडचं गाजरगवत त्यात अगदी चपखल बसतं. त्याने कातडीला पुरळ येतं, दमा वाढतो आणि गुरं ते खात नाहीत.

‘इंज्युरियस’ आपल्याला सिगारेटच्या पाकिटाने आणि सिनेमागृहाने शिकवला. १९७५च्या कायद्यापासून पाकिटावर ‘इंज्युरियस टू हेल्थ’ आला. दारूच्या बाटलीवरही एप्रिल २०१९पासून तशीच ओळ सक्तीची आहे. हळूहळू, सवयीने होणाऱ्या नुकसानीचा हा शब्द आहे. सापाला किंवा वायुगळतीला तो लावला तर विचित्र वाटतं.

‘पॉयझनस’ आणि ‘व्हेनमस’ यांत वर्तमानपत्रंसुद्धा गोंधळतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं हे व्हेनमस, कारण ते विष दाताने टोचतात. धोतरा, कण्हेर, गुंज हे पॉयझनस, कारण ते खाल्ले तर बाधतात. मराठीत दोन्हींना ‘विषारी’ चालतं, इंग्रजी लिहिताना मात्र साप व्हेनमसच.

‘हॅझार्डस’ म्हणजे धोका असलेलं. तो धोका विषाचाच असेल असं नाही. पेट्रोल पेट घेतं म्हणून हॅझार्डस, सुई टोचते म्हणून हॅझार्डस. घनकचऱ्याच्या नियमांत अशा घरगुती कचऱ्यासाठी वेगळा प्रकार आहे: कीटकनाशकाचे डबे, रंगाचे डबे, ट्यूबलाइट, जुन्या बॅटऱ्या, फुटलेला पाऱ्याचा थर्मामीटर, मुदत संपलेली औषधं. हे ओल्या-सुक्यात टाकायचं नसतं.

‘टॉक्सिन’ हे नाम जीवसृष्टीने बनवलेल्या विषाला. शेंगदाण्याला बुरशी लागली की येणारं अफ्लाटॉक्सिन हे टॉक्सिन, क्लोरपायरीफॉस नव्हे. राहता राहिला ‘डिटॉक्स’. काकडी-पुदिन्याचं पाणी प्यायला छान लागतं, पण शरीरातून नेमकं कोणतं टॉक्सिन बाहेर गेलं हे विकणाऱ्याला विचारून बघा. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं फुकटात करत असतात.

रस्त्यावरचा टँकर

महामार्गावर एखादा टँकर उलटलेला दिसला तर व्हिडिओ काढायला पुढे जाण्याआधी त्याच्यामागची पाटी लांबूनच वाचा. १९८९च्या मोटार वाहन नियमांनुसार घातक माल नेणाऱ्या गाडीवर मालाचं नाव, त्याची ओळख सांगणारा चार आकडी यूएन क्रमांक आणि आणीबाणीचे फोन क्रमांक असावे लागतात. १२०३ म्हणजे पेट्रोल, १०७५ एलपीजी, १०१७ क्लोरीन, १००५ अमोनिया. शेवटच्या दोघांच्या चौकोनात कवटी असते. कवटी दिसली तर वाऱ्याच्या उलट दिशेला, म्हणजे जिकडून वारा येतोय तिकडे सरका, आणि ११२ला फोन करताना तो चार आकडी क्रमांक सांगा.

‘नॉन-टॉक्सिक’ला किती मान द्यायचा

खडू, रंग, चिकटपट्टी, खेळणी, भांडी, सगळ्यांवर हल्ली ‘नॉन-टॉक्सिक’ झळकतं. कोणाला, किती, कोणत्या वाटेने, यातलं काहीच ते सांगत नाही. त्याच्या जोडीला मोजता येणारी खूण शोधा. खेळण्यांना १ जानेवारी २०२१पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे, आणि खेळण्यांच्या मानकात शिसं-कॅडमियमसारख्या धातूंचीही मर्यादा आहे. भिंतीच्या रंगात शिशाची मर्यादा नोव्हेंबर २०१७पासून दहा लाखांत ९० भाग. डब्यावर तो आकडा लिहिलेला असेल तर ‘नॉन-टॉक्सिक’ नसलं तरी चालेल.

कीटकनाशकाच्या बाबतीत मात्र नियमच स्पष्ट आहेत. १९७१च्या नियमांनी लेबलवर ‘सेफ’, ‘नॉन-पॉयझनस’, ‘हार्मलेस’ असले दावे करायला मनाई केली आहे, ‘सांगितल्याप्रमाणे वापरल्यास’ अशी पुस्ती जोडली तरी. त्यामुळे डासांच्या किंवा झुरळांच्या औषधाच्या बाटलीवर ‘पूर्ण सुरक्षित’ असं दिसलं तर तिचा नोंदणी क्रमांक शोधा. तो नसूही शकतो.

काही झालंच तर

माणूस अजून शुद्धीत असो वा नसो, कपडे काढा, अंग साबणाच्या पाण्याने धुवा, डोळ्यांत गेलं असेल तर वाहत्या पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवा. धुणाऱ्याने स्वतः हातमोजे घालावेत, निदान हाताला प्लास्टिकची पिशवी गुंडाळावी. उलटी करवू नका. दूध, तूप, लिंबूपाणी काही पाजू नका. बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा.

महाराष्ट्रात १०८ला फोन केला की रुग्णवाहिका येते. दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा टोल फ्री क्रमांक १८०० ११६ ११७ आहे. तिथे औषधाचं मूळ नाव विचारतील, कंपनीचं नाव नव्हे. दवाखान्यात जाताना बाटली पिशवीत घालून सोबत न्या. बाटली सापडत नसेल तर फोटो दाखवा. डॉक्टरांना तीन गोष्टी लगेच सांगा: मूळ रसायनाचं नाव आणि टक्के, साधारण किती आणि कोणत्या वाटेने गेलं, आणि किती वेळ झाला. बाटलीत दुसरं काही मिसळलं होतं का, तेही सांगा, मग ते कितीही ओशाळवाणं वाटो. आणि ते जाणूनबुजून घेतलं असण्याची शंका असेल तर ती लपवू नका. उपचार तेच असतात, पण नंतर त्या माणसाला एकटं न सोडता मनाच्या डॉक्टरांकडे नेणं गरजेचं असतं.